अंगणातली शाळा

फराळाचे ताट पुढ्यात असताना शाळेचा विषय काढू नये, हे तीस वर्षे खडू हातात धरलेल्या माझ्यासारख्या बाईलाही कळते. पण या सदराकडे वर्षभर जी पत्रे येतात, त्यांतल्या कितीतरी पत्रांचा सूर एकच असतो. "मूल तीन वर्षांचे झाले. कोणत्या शाळेत घालावे? परदेशात म्हणे या वयातच मुलांना सगळे येऊ लागते. आपले मूल मागे तर पडणार नाही ना?"

आजवर या पत्रांना मी तुटक उत्तरे देत आले. नीट उत्तर द्यायचे, तर मोताळ्याची हकीकत सांगावी लागेल, आणि त्या हकीकतीत माझी स्वतःची एक जुनी चूकही आहे. ती सांगायचा धीर होत नव्हता. पण दिवाळीच्या आधी आपण घरातली जळमटे काढतोच. म्हटले, हेही त्यातच काढून टाकावे.

मोताळा हे बुलढाणा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. मलकापूरला आगगाडीतून उतरायचे आणि बुलढाण्याकडे जाणारी एस. टी. धरायची. पुढे राजूरचा घाट लागतो; मोताळा त्याच्या अलीकडे, सखल भागात आहे. माझी भाची तेथे राहते. जावईबापू बँकेत आहेत, सासूबाई शेती सांभाळतात, आणि या सर्वांवर राज्य करणारी साडेतीन वर्षांची एक छकुली आहे. गेल्या संक्रांतीला मी तिचे बोरन्हाण करायला म्हणून गेले. शेतात तूर कापून झाली होती, अंगणात तुराट्यांची रास पडली होती.

पोचले त्या संध्याकाळी छकुली गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी सात वाजता घरात एकच धांदल उडाली. मोजे, बूट, टाय, डबा, बाटली! साडेसातला व्हॅन येते आणि पोरांना घाटावरच्या एका इंग्रजी शाळेत घेऊन जाते. छकुली अर्धवट झोपेतच व्हॅनमध्ये गेली आणि दीड वाजता पेंगुळलेली परत आली. दप्तरात वही होती. वहीत चार ओळी 'ए', चार ओळी 'बी' आणि एक ते पन्नास आकडे, असा घरचा अभ्यास होता.

"मावशी, तू शिक्षिका ना? जरा बसव हिला. माझं ऐकतच नाही," भाची म्हणाली.

मी बसवले. जुनी सवय! मांडी घाल, पाठ ताठ कर, पेन्सिल अशी धर. छकुलीने दोन अक्षरे काढली. तिसरे उलटे आले. मी नुसते "अं हं" म्हटले, रागावलेही नाही. पण तिने झटकन हात पाठीमागे लपवला.

वाचकहो, तो लपवलेला हात पाहून मी चाळीस वर्षे मागे गेले. माझा मुलगाही तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. बाई स्वतः शिक्षिका, तेव्हा तिच्या मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच मुळाक्षरे यायला हवीत, हा माझा हट्ट. त्याला 'ळ' काही केल्या जमेना. एका संध्याकाळी मी लाकडी पट्टी त्याच्या बोटांवर मारली. तो रडला नाही. त्याने फक्त हात पाठीमागे लपवला, अगदी असाच. मी वही मिटली.

रात्री जेवणे झाल्यावर मी भाचीजवळ विषय काढला. म्हटले, "अगं, एवढ्या लवकर कशाला ही अक्षरे? खेळू दे की तिला." माझा मुलगा हल्ली न्यूझीलंडात असतो. नातवासाठी मी तेथे सहा महिने राहून आले आहे. तेथील बालवाडीत मी डोळ्यांनी जे पाहिले, ते तिला सांगू लागले. पोरे गमबूट घालून चिखलात उतरतात, खरी हातोडी घेऊन खऱ्या लाकडात खिळे ठोकतात. एका बाईमागे दहा-बारा मुले. मुलाने पाण्याचा पाट अडवला, तर बाई त्याचा फोटो काढून, तो काय करीत होता, त्याला काय सुचले, हे गोष्टीसारखे लिहून घरी देतात. प्रगतिपुस्तकाऐवजी ही गोष्टच! लिहायला-वाचायला कधी शिकवता, असे मी विचारले, तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "पाचव्या वाढदिवसानंतर शाळेत जाईल ना, तेव्हा."

भाचीने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मावशी, तुझा मुलगा तिकडे आहे, कारण तू त्याला वेळेवर बसवून शिकवलंस. पुण्यात बसून 'खेळू द्या' म्हणायला काय जातं? ह्यांची उद्या बदली झाली आणि मोठ्या शहरातल्या शाळेनं हिला दारातूनच परत पाठवलं, तर? माझ्या मुलीनंच का मागं राहायचं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिच्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते. स्वतःची मुले पार पोचल्यावर दुसऱ्याला नाव सोडून दे म्हणणे सोपे असते.

तेवढ्यात कोपऱ्यात सुपात तूर पाखडीत बसलेल्या विहीणबाई म्हणाल्या, "पेरलं का दुसऱ्याच दिसी उकरून पाहते का कोनी? मंग लेकराले काहून उकरून राह्यले तुमी?"

भाची उठून आत गेली. मला मात्र झोप लागेना. परदेशाचे नाव घेऊन आपण ज्या गोष्टी करतो, त्या परदेशात खरोखर कोठून आल्या, हे मी अंथरुणावर पडल्या पडल्या आठवीत राहिले.

हे 'के. जी.' म्हणजे काय? 'किंडरगार्टन' हा जर्मन शब्द, अर्थ मुलांची बाग. फ्रीड्रिख फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या लहान गावात लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला हे नाव दिले. लाकडी ठोकळे, चेंडू, गाणी, बागकाम हा त्याचा अभ्यासक्रम होता. आपण नाव ठेवले, त्याचीही दोन अक्षरे केली, आणि बाग काढून बाके घातली!

माँटेसरीबाईंचेही तेच. आज आपल्याकडे हे नाव पाटीवर लागले की फी वाढते. पण डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये पहिले बालगृह उघडले, ते सान लोरेंझो या गरीब वस्तीत, दिवसभर कामाला जाणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी. त्या १९३९ मध्ये आपल्या देशात आल्या, आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. श्रीमंतांची चैन म्हणून ही पद्धत जन्मली नव्हती.

आणि आपल्याकडे हे सारे समजून घेणारे कोणी नव्हते, असेही नाही. ताराबाई मोडक हे नाव जुन्या वाचकांना सांगायला नको. लग्नानंतर त्या काही वर्षे आमच्या या वऱ्हाडातच, अमरावतीला होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केले. गिजुभाई पेशाने वकील. माँटेसरीबाईंचे विचार वाचून त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. लोक त्यांना कौतुकाने 'मिशीवाली आई' म्हणत. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या (आता ते गाव पालघर जिल्ह्यात येते), आणि तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालपणी वैधव्य आलेल्या या बाईने उरलेले सारे आयुष्य लहान मुलांना दिले.

बोर्डीला त्यांच्यापुढे अडचण उभी राहिली. परदेशी पद्धतीची साधने महाग. खेड्यात ती आणायची कोठून? मग शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. गरीब वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच उठून त्यांच्या अंगणात गेली. तीच 'अंगणवाडी'. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. पुढे सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली, तेव्हा केंद्राचे नाव 'अंगणवाडी' हेच घेतले. आज अशी सुमारे चौदा लाख केंद्रे देशभर आहेत. परदेशाकडून शिकावे ते असे! विचार तेथला, माती येथली.

सकाळी उठले आणि मनाशी ठरवले, की या गावची अंगणवाडी तर पाहून यावी. दुसऱ्या दिवशी संक्रांतीची सुटी म्हणून छकुली घरीच होती. अंगणवाडी मात्र भरणार होती. तिचे बोट धरून मी निघाले. गल्लीच्या टोकाशी एक खोली, भिंतीवर रंगवलेली फळे आणि प्राणी. वीसेक मुले गोल करून गाणे म्हणत होती. सेविकाताई पन्नाशीच्या. गाणे संपल्यावर त्यांनी चिंचोक्यांची पिशवी ओतली. कोणी ढीग करीत होते, कोणी रांग लावीत होते, एकजण चिंचोक्यांचा साप करून त्याला जेवू घालीत होता. छकुली आधी माझ्या पदराला धरून होती. पाच मिनिटांत पदर सुटला.

सगळेच गोड होते असे मात्र सांगणार नाही. अकराच्या सुमारास ताईंनी चिंचोके गोळा केले. मग वजनकाटा निघाला, रजिस्टर निघाले, मोबाइलवर माहिती भरायची म्हणून त्या रेंज शोधीत दारात जाऊन उभ्या राहिल्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणे, आयांना सल्ला आणि बालशिक्षण, अशी सहा कामे योजनेत आहेत. शिक्षण त्यांतले एक.

"शिकवायला तासभर मिळतो, ताई," त्या म्हणाल्या. "आम्हाला पगार नाही, मानधन आहे. आणि खरं सांगू? माझी नात त्याच व्हॅननं घाटावर जाते. सून म्हणते, इथं नुसती खिचडी मिळते."

असे म्हणून त्या हसल्या, पण ते हसू मला लागले. न्यूझीलंडातल्या त्या बाई पूर्ण शिकून, पूर्ण पगारावर काम करीत होत्या. त्यांना मान होता. चिखल आणि हातोडी पाहून भाळणारी मी, ही गोष्ट भाचीला सांगायची विसरले होते. परदेशाकडून काही घ्यायचे, तर आधी हे घ्यायला हवे.

दुपारी घरी आलो. छकुलीने अंगणातल्या तुराट्या ओढल्या आणि घर करू लागली. मी आणि भाची ओट्यावर तिळाचे लाडू वळीत होतो. चार भिंती झाल्या, छप्पर घालायला तुराट्या कमी पडल्या. तिने बोट लावून मोजल्या आणि आजीला हाक मारली, "आजे, पाच हायेत. अजून चार दे, मंग पुरतीन."

भाचीचा हात लाडवावरच थांबला. "हिला चार कळतं? वहीत तर चारचा आकडा अजून येत नाही!"

"चार तिला कळतं," मी म्हटले. "आकडा हे चारचं नुसतं चित्र. ते पुढं कधीही काढता येतं."

त्या संध्याकाळी मात्र आम्ही दोघी नीट बोललो, जावईबापूही बसले. मी उपदेश केला नाही. ठाऊक होते तेवढे सांगितले. न्यूझीलंडातल्या ओटागो विद्यापीठात सेबॅस्टियन सगेट या संशोधकाने पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली आणि सातव्या वर्षी शिकलेली मुले ताडून पाहिली. अकराव्या वर्षी दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता. फिनलंडात तर शाळा सातव्या वर्षी सुरू होते, तिच्या आधीचे एक वर्ष तयारीचे.

बँकेतल्या माणसाला पुरावा लागतो. जावईबापूंनी विचारले, "पण मावशी, मग लहानपणी शाळेत घालण्याचा उपयोग तरी काय? सातव्या वर्षीच घालावं!"

उपयोग आहे, आणि मोठा आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी १९६२ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुले निवडली. ५८ मुलांना बालशाळा मिळाली, ६५ मुलांना नाही. रोज सकाळी अडीच तास शाळा, आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका दीड तास मुलाच्या घरी जाऊन आईबरोबर बसत असे. बुद्धिमापनात मिळालेली आघाडी थोड्या वर्षांत विरली, आणि लोकांनी प्रयोग फसला असे म्हटले. पण ही मुले चाळिशीची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. बालशाळेत गेलेल्यांपैकी अधिकजणांनी हायस्कूल पुरे केले होते, अधिकजण नोकरीधंद्याला लागले होते, आणि पोलिसांच्या हाती लागलेले कमी होते. अक्षरांची आघाडी टिकली नाही. टिकले ते दुसरेच काही: आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हाती घेतलेले पुरे करणे, मोठ्या माणसावर विश्वास ठेवणे.

"आणि घरी येणारी बाई," भाची हळूच म्हणाली. "हिच्या शाळेतून घरी येते ती फक्त वही."

मग मी इटलीतली गोष्ट सांगितली. १९४५ मध्ये युद्ध संपले, तेव्हा रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यातल्या लोकांनी जर्मनांनी मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले, आणि त्या पैशांतून मुलांसाठी शाळा बांधली. लोरिस मालागुझ्झी नावाचा तरुण शिक्षक ती पाहायला म्हणून सायकलवर गेला आणि आयुष्यभराचा त्या कामात गुंतला. त्या शहराच्या बालशाळा पाहायला आज जगातून लोक जातात. आणि न्यूझीलंडातले माओरी लोक! त्यांची भाषा मरू घातली होती. १९८२ मध्ये त्यांनी 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचे घरटे, सुरू केले. तेथे आजी-आजोबाच लहानग्यांशी त्यांच्या बोलीत बोलतात.

विहीणबाईंनी सूप खाली ठेवले. "म्हन्जे मी बी शिकवू शकतो म्हना की!"

सगळे हसले. पण त्या हसण्यातूनच पुढचे निघाले. घाटावरच्या शाळेचे वर्ष पुरे करायचे. मात्र घरचा अभ्यास करून घ्यायचा नाही, तसे पत्र शाळेला द्यायचे. जूनपासून छकुली गल्लीतल्या अंगणवाडीत जाईल. व्हॅनचे जे पैसे वाचतील, त्यांतून चित्रांची पुस्तके आणायची. आणि भाचीसह गल्लीतल्या चार आयांनी आळीपाळीने रोज तासभर अंगणवाडीत बसायचे, म्हणजे सेविकाताईंना मुलांकडे पाहता येईल. वरच्या पर्यवेक्षिकाबाईंना विचारून ताईंनी मग तशी परवानगीही काढली.

पत्राला शाळेकडून उत्तर आले नाही. छकुलीला त्रासही झाला नाही. जूनपासून ती अंगणवाडीत जाते. ताईंची नात मात्र अजून व्हॅननेच जाते. भाची परवा फोनवर म्हणाली, "मावशी, अजून धाकधूक आहेच गं. पहिलीत काय होतं, ते पाहायचंय." मी म्हटले, "मलाही." सहाव्या वर्षी पहिली, आणि तीन ते आठ वर्षांपर्यंत खेळातून, कृतीतून शिक्षण, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलेले आहे. कागदावरचे वर्गात यायला आयांनाच विचारीत राहावे लागेल.

तेव्हा पत्रे लिहिणाऱ्या माझ्या वाचकांनो, माझे उत्तर एवढेच. मुलाच्या शाळेची पाटी वाचू नका. आत जाऊन तासभर बसा. एका बाईमागे किती मुले आहेत, ती मोजा. बाई मुलांशी बोलतात की मुलांवर बोलतात, ते ऐका. हातात काय आहे ते पाहा: माती, ठोकळे, चिंचोके, की नुसतीच पेन्सिल? घरची बोली तिथे चालते का, तेही विचारा. आणि चुकूनही मूल हात पाठीमागे लपवताना दिसले, तर त्या दिवशी वही मिटा.

एक सांगायचे राहिले. मोताळ्याहून परतल्यावर मी मुलाला फोन केला आणि त्या पट्टीबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "आई, मला तर काहीच आठवत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "'ळ' मात्र अजून जपून काढतो."

छकुलीसाठी मी यंदा पुण्याहून मातीचे मावळे पाठवले आहेत, आणि बरोबर मूठभर हळीव. आजीबरोबर तिने अंगणात किल्ला घातला आहे. भाची म्हणते, वाकडा झालाय, बुरूज घसरतोय, सारखा करू का? मी कळवले आहे, की हात लावू नकोस. तुमच्याही अंगणात, गॅलरीत, जिन्याखाली किल्ले झाले असतील. त्यांनाही हात लावू नका. मुलांना विचारा फक्त, की शत्रू कोणत्या बाजूने येणार आहे. आणि त्यांचे सांगणे संपेपर्यंत ऐकत बसा. करंज्या थोड्या उशिरा तळल्या तरी चालतात.

दिवाळी सर्वांना सुखाची जावो!